बारा वाजून आठ सेकंद

“बाबा, आत्यानं या वेळी तुमचं ऐकलं असेल, तर?”

शर्वाणीनं एका दमात विचारून टाकलं. मंगळावरच्या त्या वसाहतीत शाळकरी मुली चारच, आणि उरलेल्या तिघींनी तिला डिवचलं होतं, ‘बाबांसमोर आत्याचं नाव काढून दाखव!’ बारा दिवस घरात ते नाव कुणी उच्चारलं नव्हतं.

तिचे बाबा, विद्याधर, श्रवणकक्षात हेडफोन लावून रिकाम्या पडद्याकडे बघत बसले होते. त्यांची धाकटी बहीण यमुना एकटीच गाडी घेऊन दरीच्या पाहणीला गेली होती. चौदाव्या दिवशी गाडीचा रेडिओ बंद पडला. मग उरली फक्त हाकपेटी, काडेपेटीएवढी, रोज दुपारी बाराला तिच्या आवाजातली एक छोटीशी हाक पाठवणारी. ती हाक आली तरच गाडी कुठे अडकलीय ते कळणार होतं. बारा दिवसांत एकही आली नव्हती आणि आजही आली नाही तर ऐकणं बंद होणार होतं.

“शरू, बाराला दहा कमी आहेत. आत्ता नको.”

“आत्ताच! आई, तू सांग. पेटीला बारा वाजलेले कळतात कसे?”

उपग्रहाच्या पाळ्या, म्हणजे त्यानं कुणासाठी कधी ऐकायचं ते, लावायचं काम आईकडे होतं. तिनं मान वर केली नाही. “तिच्यात कालचिप असते. चिपेतला गारगोटीचा स्फटिक थरथरतो, ती थरथर मोजून वेळ कळते. पंचवीस अंशांना तो अचूक. थंडी पडली की रेंगाळतो, उकडलं तरी रेंगाळतो.”

“अगदी माझ्यासारखा!”

“गाडीच्या टपावर उणे चाळीस असतं,” विद्याधर म्हणाले. “म्हणजे पेटी रोज पावणेतेरा सेकंद मागे पडते. आज सव्विसावा दिवस, साडेपाच मिनिटं झाली. तेवढा फरक धरून मी आपली पाळी रोज पुढे सरकवत आलोय. उपग्रह दिवसाला चाळीसच सेकंद आपल्यासाठी ऐकतो, चुकून कसं चालेल? आकडे तीनदा तपासलेत मी.”

“आकडे बरोबरच असतील हो! पण निघताना तुम्ही आत्याला काय बजावलंत? मी तिथंच होते. ‘यमे, पेटी टपावर ठेवू नकोस, अंगाशी धर, चिपेला गारठू देऊ नकोस.’”

“आणि ती काय म्हणाली? ‘स्वेटर विणू का तिला?’” विद्याधर कसंनुसं हसले. “जन्मात कधी ऐकलंय तिनं माझं?”

“तेच तर विचारतेय मी.”

आईचे हात थांबले. “अहो, तसं असेल तर ती रोज बाराला हाक मारतेय. आणि आपण ऐकायला बसतो ते ती गप्प झाल्यावर.”

विद्याधर खुर्चीत वळले.

“पाळी एकच आहे,” आई हळूच म्हणाली. “बाराला लावू, की होती तिथंच ठेवू?”

विद्याधरांनी आपल्या आकड्यांच्या कागदाकडे पाहिलं. मग तो पालथा घातला.

“बाराला लाव.”

बारा वाजले. हेडफोन काढून त्यांनी आवाज खोलीत सोडला. नुसती खरखर. शर्वाणी बोटांवर मोजू लागली. पाच. सहा. सात.

“दादा, बारा वाजले. पेटी उबेत आहे, तू सांगितलंस तशी. ऐकतोयस ना?”

पडद्यावर जागेचे आकडे उमटले.

“आठ सेकंद,” विद्याधर पुटपुटले. “पस्तीस अंशांना सव्वीस दिवसांत बरोबर आठच सेकंद... अंगाची ऊब आहे ही. सव्वीस दिवस तिनं...” पाळी संपत आली होती.

शर्वाणीनं माईक ओढला. “आत्या, ऐकलं गं! आम्ही निघालोच!”

खरखर थांबली. पाळी संपली. तिथे दरीत ते शब्द पोचले की नाही, ते उद्या बारापर्यंत कळणार नव्हतं.

आई बचावगाडीला कळवून आली. “नऊ दिवस लागतील म्हणतात.”

“मग माझं ठरलंय,” शर्वाणी बापाच्या खुर्चीला खेटून उभी राहिली. “नऊही दिवस बाराला इथं मी बसणार, मीच बोलणार. शाळा बुडाली तर बुडाली. आणि बाबा, पाळीला हात लावायचा नाही. आत्या तुमचं ऐकते.”