बर्फावरची वल्ही

फेब्रुवारीतल्या एका सकाळी नानेत देझार्ले मांस आणायला निघाली. दूर उत्तरेतल्या पीस नदीकाठची ती लाकडी गढी बीव्हर या मऊ केसाळ पाणप्राण्याच्या कातड्यांच्या व्यापारावर तीस वर्षं उभी होती. पण त्या हिवाळ्यात कोठीत कातडी छतापर्यंत आणि चुलीवर नुसतं पाणी, अशी गत झाली होती. आधी मासे संपले, मग गाडी ओढणारी कुत्री. वरच्या वळणाशी शिकाऱ्यांनी मूस, म्हणजे घोड्याएवढा सांबर, मारून झाडावर टांगलाय, एवढा निरोप आला. पुरुष अंथरुणाला खिळलेले. धड चालेल अशी नानेतच उरली होती.

फाटकावर तिचा म्हातारा मामा वापास म्हणाला, "नदी उतारावरून कोसळते त्या धारेजवळ बर्फ कच्चा आहे. काठाकाठानं ये, पोरी."

"काठानं दोन दिवस लागतील, मामा. तोवर तुम्ही सगळे मलाच शिजवायला काढाल."

तो हसला नाही. त्याच धारेत मागच्या शरदात मालाची नाव फुटली होती. आठ वल्हेकरी गेले. सुकाणूवर तिचा नवरा टुसां होता. एकाचंही प्रेत हाती लागलं नाही.

मांस मिळालं. दुपारी परतताना मात्र हिमवादळानं गाठलं. काठ दिसेना. घसरगाडीचा दोर खांद्यात रुतत होता. आणि मग तिला आवाज आला... चुबुक... चुबुक... पाण्यात वल्ही पडल्यासारखा. पायाखाली तर हातभर जाडीचा बर्फ. ओल्या लोकरीचा, तंबाखूचा वास आला. कुणीतरी हलक्या आवाजात नावेचं गाणं धरलं. गाडी एकाएकी हलकी झाली.

नानेत त्या गाण्यामागं चालत राहिली. किती बरं वाटत होतं! मग तिला धारेचा घोंघाट ऐकू आला. तो डावीकडून यायला हवा होता. येत होता समोरून.

"टुसां...?"

"ये, नानेत... थोडंच राहिलंय..."

आवाज त्याचाच होता. फक्त शब्दांच्या मधे पाणी गुडगुडत होतं. दोर आता तिलाच ओढत होता. चार पावलांवर काळं पाणी उघडं होतं.

तिनं टाचा रोवल्या.

"गढीत तेवीस माणसं उपाशी आहेत, टुसां. तुझी आईसुद्धा."

"आम्हाला... थंडी वाजते..."

"ठाऊक आहे. आधी हे पोचवा."

ती गाडीच्या मागं गेली, सुकाणूवाला उभा राहतो तशी उभी राहिली, आणि घसा फोडून त्याचाच हुकूम दिला, "उजवीकडे घ्या. सगळे मिळून. ओढा."

क्षणभर नुसता वारा. मग आठ वल्ही एकदम पडली. गाडी वळली.

वापासनं गाणं ऐकून आधीच फाटक उघडलं होतं. माणसं रांगत बाहेर आली. संध्याकाळपर्यंत गढीतल्या प्रत्येक चुलीवर रस्सा उकळत होता, आणि टुसांची आई वाडगा चाटत म्हणाली, "मीठ कमी आहे, सूनबाई." सगळे महिन्यात पहिल्यांदा हसले. तेवीसपैकी एकही माणूस गेलं नाही. वसंतात कातडी भरून नावा निघाल्या तेव्हा पहिल्या नावेच्या सुकाणूवर नानेत उभी होती, आणि काठावरून बंदुकांचे बार उडत होते.

मात्र मांस आलं त्या दिवसापासून बर्फ वितळेपर्यंत, गढीच्या घाटासमोर नावेएवढा लांबट, अरुंद पाण्याचा पट्टा उघडा राहिला. थुंकी खाली पडायच्या आत गोठेल अशी थंडी, तरी त्यातून वाफ निघायची. गढीतल्या बायका त्या पाण्याला हात न लावता रोज दुसरीकडे बर्फ फोडत.