फादरबाबांचा रविवार

खोटं लिहून मला आता काय मिळायचंय? सत्तरी उलटली माझी. हे घडलं १९८६ साली, भर दुपारी एक वाजता. अंधारात भास झाला म्हणायचीही सोय नाही.

आम्ही तेव्हा डोंबिवलीला राहायचो. आमचे हे कळव्यापलीकडच्या एका दगडखाणीत कारकून होते. खाणीच्या वस्तीत मी बायकांना शिवण शिकवायला जायची. तिथेच फादर पास्कू राहायचे. मूळचे वसईचे. मजुरांसारखंच पत्र्याचं खोपट, अंगात विटका सदरा. वस्ती त्यांना फादरबाबा म्हणायची.

ते चूल पेटवत नसत. वार लावून जेवायचे. सोमवार नामाचा, मंगळवार दगडाबाईचा, असे सहा वार वस्तीतल्या सहा घरांत.

रविवार आमचा.

बरोबर एकला दारात येऊन जर्मनची ताटली नखाने वाजवायचे.

टिक… टिक.

"काकू, आज वार कुणाचा?"

"तुमचाच. पण आमटीला नावं ठेवलीत तर उपाशी पाठवीन!"

केवढ्याने हसायचे! पुढच्या दोन बिऱ्हाडांना ऐकू जायचं.

त्या एप्रिलात दरड कोसळून खाणीत दोन बायका मेल्या. त्यांची नावं घेऊन फादरबाबा थेट कलेक्टर कचेरीत गेले. ठेकेदाराने वस्तीत निरोप धाडला. फादरला जो जेवू घालील, त्याने उद्यापासून कामावर यायचं नाही. ह्यांनाही तेच बजावलं.

सोमवारी नामाने दार लावून घेतलं. त्याला वाटलं, एका दिवसाने काय होतंय, उद्या दगडाबाई वाढेल.

दगडाबाईला वाटलं, काल नामाने वाढलंच असेल.

सहाही घरांनी कडी लावली. कुणी कुणाला विचारलं नाही.

रविवारी आमच्या दारात ताटली वाजली.

ह्यांनी एक पोळी उचलली. "अगं, एवढी तरी देऊ दे."

"नोकरी गेली तर आपण काय खायचं? देईल दुसरं कुणीतरी," मी कुजबुजले. कडी घट्ट धरून उभी राहिले.

"काकू… आज वार कुणाचा?"

आवाजात हसू नव्हतं.

मी कडी सोडली नाही.

दुसऱ्या दिवशी खाणीत सुरुंगाची शिट्टी झाली. सगळे पळाले. फादरबाबा वाटेतच खाली बसले. खडी फोडणारी जनी लांबून ओरडत होती, "बाबा, उठा वो!"

त्यांना उठता आलं नाही. सुरुंग उडाला, ते दगडांखाली गेले. आठ दिवसांचा उपाशी माणूस.

पुढच्या सोमवारी, दुपारी एकला… नामाच्या दारात ताटली वाजली.

दार उघडलं. कुणी नाही.

नामाने घास घेतला आणि थुंकला. तोंडात दगडाची कच. बायकोने तोच भात खाल्ला, तिला काही लागलं नाही. त्याला मात्र प्रत्येक घासाला कच. आठव्या दिवशी तो गेला. भरल्या ताटासमोर, उपाशी.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता…

दगडाबाईच्या दारात वाजलं.

एक घर आटोपलं, की पुढचा वार.

एका बुधवारी जनी मला सांगायला डोंबिवलीला आली. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेना.

"बाई, उद्या बेस्तरवार. माजा वार हाय. गाव सोडून चालले मी."

"जा बाई, लांब जा."

"जाते. पर वार सोडल का वो?" मग माझ्याकडे बघत म्हणाली, "आन् आयतवार तुमचा."

जनी पुन्हा दिसली नाही.

आमचा रविवार आला. मी दार सताड उघडलं. उंबऱ्यावर पान मांडलं. वरण, भात, पुरणपोळी. हात जोडून बसले. माझं काय व्हायचं ते होवो, कडी मी धरली होती.

टिक… टिक.

पान तसंच राहिलं.

मागे हे थुंकले.

"अगं… भातात कच आहे."

ज्यांनी पोळी उचलली होती, त्यांच्याच तोंडात. मी तोच भात खाल्ला. मऊ होता.

आठ दिवस मी त्यांना पेज भरवत होते. ते दात आवळून रडत होते.

याला बारा वर्षं झाली. आता मी ठाण्याला नौपाड्यात राहते. दर रविवारी दार उघडं ठेवून पान वाढते. एकला जिन्यावर आवाज येतो. टिक… टिक. माझ्या दारावरून पुढे जातो. माझ्याकडचं त्यांना नकोच आहे.

गेल्या रविवारी तो शेजारच्या दारात थांबला.

संध्याकाळी शेजारची रतन आली. "काकू, तुम्ही तांदूळ कुठून आणता हो? आमच्या ह्यांना घासाघासाला कच लागतेय. मला तर काहीच लागत नाही."

सगळं सांगायला मी तोंड उघडलं…

मग वाटलं, सांगेल दुसरं कुणीतरी. आणि दार लावून घेतलं.

आज पुन्हा रविवार. पलीकडे रतनचा हंबरडा ऐकू येतोय…

मी पानावर बसले आहे. मला भूक लागली आहे.