ओल्या चामड्यातलं बोट

ओलं चामडं आत जे घालाल त्याचा आकार धरतं. कोमट पाण्यात बुडवायचं, बुडबुडे थांबले की काढायचं, आत लाकडी पिस्तूल सरकवायचं आणि वरून हाडाच्या पट्टीनं दाबत बसायचं. दिवसभरात आकार पक्का होतो. वीस वर्षं मी स्वयंपाकघरातल्या टेबलावर पट्टे नि पिशव्या शिवते. होल्स्टर, म्हणजे कमरेला लावायचं पिस्तुलाचं म्यान, मात्र याआधी एकच शिवलं होतं, नवऱ्यासाठी.

तो बँकेच्या दारावर पहारेकरी होता. पिस्तूल काढताना अडकतं अशी त्याची सारखी कुरकुर, म्हणून मी तोंड सैल ठेवलं. सहा वर्षांपूर्वी भर गर्दीत कुणीतरी त्याच्या कमरेचं पिस्तूल अलगद उपसलं आणि त्याच्यावरच झाडलं. मारेकरी सापडला नाही. ते सैल तोंड मला अजून खातं.

आता लेक त्याच दारावर रुजू होणार होती.

"अगं आई, विकत मिळतात चांगली."

"मिळू देत. तुझ्या कमरेला माझंच लागेल. आणि घट्ट लागेल."

सुताराकडून मापाचं लाकडी पिस्तूल आणलं. त्याला चाप नव्हता, त्या जागी सपाट लाकूड. तरी पहिलं होल्स्टर वाळलं तेव्हा नेमका तिथे फुगवटा होता. लाकडाला गाठ असेल म्हणून चाचपलं. गुळगुळीत होतं. माझाच हात चुकला म्हणून स्वतःला चार शिव्या घातल्या आणि दुसरं चामडं कापलं.

दुसऱ्यात बोटाच्या पेरांच्या घड्याही उमटल्या. आणि नख, मधोमध चिरलेलं.

लेकीनं स्वतःचं बोट शेजारी धरून पाहिलं. तिचं निम्मंही नव्हतं.

"बाबांचं?" तिनं हळूच विचारलं.

"तुझ्या बाबांची बोटं मी ओळखत नाही होय? हे त्यांचं नाही."

तिचा चेहरा उतरला. "टाकून दे ते. मी नाही जात कामावर."

माझं डोकंच फिरलं. "तू का घरी बसायचं? पोलिसांना सहा वर्षं सापडला नाही, तो माझ्या चामड्यात सापडलाय!"

तिसरं चामडं भिजवलं आणि या वेळी टेबलापासून हलले नाही. भर दुपार होती. खिडकीतलं ऊन थेट हातावर पडत होतं. तासाभरानं अंगठ्याखाली काहीतरी वर आलं.

चामडं गार होतं. ते वर आलेलं कोमट होतं.

"घाल बोट," मी त्या फुगवट्याला म्हणाले. "घालच."

चामडं टोचायची आरी उचलली आणि नखातून आरपार लाकडापर्यंत घुसवली.

फुगवटा थरथरला. आत ओढला गेला. मी लगेच चापाखालची शिवण घालायला घेतली. दोरा आतून ओढला जात होता. मी त्याहून जोरात ओढला. तळहात कापले. सोडला नाही.

संध्याकाळी चामडं सपाट होतं.

सोमवारी लेक ते लावून कामावर गेली. शुक्रवारी परतली ती बूट न काढताच दारात उभी राहिली.

"आज एक जण आला होता. पैसे भरायचे नव्हते, काढायचे नव्हते. नुसता होल्स्टरकडे बघत उभा होता. बोटाला पट्टी होती. कुणी शिवलं म्हणून विचारलं त्यानं."

"मग?"

"आईनं, म्हटलं. मग पत्ता विचारला." तिची नजर ढळली नाही. "मी दिला."

"बरं केलंस," मी म्हणाले.

आरीला धार लावली. मोठी परात पुरेना, म्हणून न्हाणीघरातला टब भरून घेतला आणि या वेळी अख्खं कातडं भिजत घातलं.