आजोबांच्या हातांचे चौकोन

भिंत दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, त्यावरचा गुरुवारही वाचता येत होता. इतकंच काय, सलाईनच्या बाटलीवरची चिठ्ठीसुद्धा दिसत होती. दिसत नव्हते ते फक्त आजोबांचे हात. हातांच्या जागी नुसते तपकिरी चौकोन इकडून तिकडे हलत होते, आणि शाल्मलीला तर नेमके हातच हवे होते.

कारण तिचे आजोबा हातांनी बोलत. त्यांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. घाटमाथ्यावरच्या खोरवडे गावात त्यांचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. शाळेत शिकवतात ती खुणांची भाषा त्यांच्या लहानपणी तिथे शिकवणार कोण? मग त्यांनी घरातल्या घरात स्वतःच्याच खुणा तयार केल्या, बायकोला शिकवल्या, मुलांना शिकवल्या आणि शेवटी नातीला. शाल्मलीचं नाव म्हणजे डोक्याच्या वर हवेत धरलेली चिमूट. तान्ही असताना तिच्या डोक्यावर नारळाच्या झाडासारखी एकच शेंडी बांधत, त्यावरून ते नाव पडलं. आता ती बारा वर्षांची झाली होती, केस चांगले खांद्यापर्यंत आले होते, तरी नाव काही बदललं नाही.

त्या गुरुवारी आजोबांना एकदम धाप लागली आणि त्यांना गावच्या दवाखान्यात ठेवलं. बाबा पहाटेच निघून तिथे पोचले होते. शाल्मली पुण्यात, आईजवळ. तिच्या हातात नवाकोरा फोन होता, उलगडला की पाटीएवढा होणारा. अकराच्या सुमाराला बाबांच्या फोनवरून व्हिडिओ कॉल आला. बाबा स्वतः औषधं आणायला गेले होते, फोन दवाखान्यातल्या कुणीतरी आजोबांसमोर धरला होता. आजोबा हसले आणि बोलायला लागले. म्हणजे चौकोन हलायला लागले.

शाल्मलीने फोन झटकला, पडदा पुसला, खिडकीशी गेली. काही उपयोग नाही. चौकोन क्षणभर थांबले, पुन्हा तसेच हलले, असं चारदा झालं. भुवया मात्र दिसत होत्या आणि त्या वर गेलेल्या होत्या. म्हणजे आजोबा काहीतरी विचारत होते.

आणि मग शाल्मलीने ती गोष्ट केली, जी आपण सगळेच कधी ना कधी करतो. तिने कळल्यासारखं दाखवलं. आजोबांना दम लागला होता, त्यांना पुन्हा हात हलवायला कसं लावायचं? शिवाय खरं सांगायचं तर आपल्याला कळत नाही याची लाजही वाटली. तिने मान हलवली आणि दोन्ही मुठी छातीशी नेल्या. त्यांच्या घरच्या भाषेत याचा अर्थ ‘हो, नक्की’.

आजोबांच्या चेहऱ्यावर असं समाधान आलं की विचारू नका. त्यांनी हात चादरीवर ठेवले. गंमत म्हणजे हात थांबल्यावर चौकोन हळूहळू विरघळले आणि ते स्वच्छ दिसायला लागले. सुरकुत्या दिसल्या, डाव्या हाताचा टोक नसलेला अंगठा दिसला. कागद कापायच्या यंत्राने ते टोक तीस वर्षांपूर्वी घेतलं होतं. दुपारी चार वाजता आजोबा गेले.

पुढचे दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. माणसं येत होती, बसत होती, चहा घेऊन जात होती. सगळे म्हणत, पोर किती गप्प झाली आहे. पण शाल्मलीच्या मनात दुःखाबरोबर आणखी एक काटा रुतला होता. आजोबांनी शेवटचं काहीतरी मागितलं होतं आणि तिने नक्की म्हणून कबूल केलं होतं. कशाला, तेच तिला ठाऊक नव्हतं. ठाऊक नसलेला शब्द पाळायचा कसा?

तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिने फोनमधला ‘पूरक’ उघडला. नव्या फोनांमध्ये तेव्हा हा प्रोग्राम आलेलाच असे. फाटलेले फोटो, खरखरणारी गाणी, अर्धवट व्हिडिओ तो भरून काढत असे. कॉल फोनमध्ये साठवलेला होता. पूरकने दहा सेकंदांत काम केलं. चौकोन गेले आणि तिथे दोन सुंदर हात आले. त्यांनी सावकाश खुणा केल्या आणि खाली अक्षरं उमटली: खूप शीक, सुखी राहा.

शाल्मलीला रडू फुटलं. तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, परत एकदा लावला आणि तिसऱ्यांदा बघताना तिचं रडू थांबलं. त्यातल्या डाव्या हाताचा अंगठा अख्खा होता. नखासकट.

ती तशीच उठली आणि केतकीआत्याकडे गेली. केतकीआत्या म्हणजे आजोबांची धाकटी मुलगी. मोबाईलचं जाळं कुठे, कसं उभारायचं हे ठरवणाऱ्या संस्थेत ती शास्त्रज्ञ होती आणि तेराव्यासाठी पुण्याला आली होती. ती कपडे घड्या करत बसली होती. शाल्मलीने सगळं एका दमात सांगून टाकलं, खोट्या ‘हो’सकट. आत्या रागावली नाही. हातातला सदरा तिने बाजूला ठेवला, फोन घेतला आणि तो कॉल बघितला. मग उठून तिने शाल्मलीच्या खणातून आजोबांनी केलेली चिमणीची वही काढली.

पुस्तकं कापताना उरलेल्या पट्ट्यांची ती बोटभर वही. प्रत्येक पानावर एक चिमणी, मागच्या पानापेक्षा किंचित वेगळी. पानं अंगठ्याखालून भराभर सोडली की चिमणी उडे. आत्या म्हणाली की व्हिडिओ म्हणजे हीच वही. एकेका पानाला फ्रेम (चलचित्रातलं एक स्थिर चित्र) म्हणतात आणि सेकंदाला अशी तीसेक पानं पुढे सरकतात. आता एवढी पानं अख्खी पाठवायची तर ढीग होईल. म्हणून फोन हुशारी करतो. पहिलं पान पूर्ण पाठवतो आणि नंतर फक्त बदललेला भाग. भिंत बदलत नाही, कॅलेंडर बदलत नाही, म्हणून ते एकदा पाठवलं की काम झालं. या युक्तीला संपीडन (माहिती आटवून लहान करणं) म्हणतात.

“मग हात सारखे बदलतात, म्हणजे हातांचंच सामान सगळ्यात जास्त,” शाल्मली म्हणाली.

आत्याने मान डोलावली. आता वाटेचा विचार कर, ती म्हणाली. एका सेकंदात किती माहिती जाऊ शकते, त्याला बँडविड्थ (वाटेची रुंदी) म्हणतात. खोरवड्यात जुना एकच टॉवर होता आणि त्याची वाट मुळातच अरुंद. त्यात गुरुवार म्हणजे आठवड्याचा बाजार. पंचक्रोशीतली माणसं आलेली, प्रत्येकाच्या हातात फोन, आणि तीच वाट सगळ्यांना वाटून दिलेली. आजोबांच्या वाट्याला चिंचोळी पट्टी आली. हातांचं सामान त्यात मावेना, म्हणून फोनने ते जाडंभरडं करून पाठवलं. बोटं, नखं, सुरकुत्या सगळं गाळून एका रंगाचा एक चौकोन. हात थांबले तेव्हा सामान कमी झालं आणि राहिलेलं बारीक काम सावकाश येऊन पोचलं. ऐकू येणाऱ्यांचं अशा वाटेवरही भागतं, कारण आवाजाचं सामान थोडं असतं. हातांनी बोलणाऱ्यांना मात्र रुंद वाट नसेल तर फोन असून नसल्यासारखाच.

“म्हणजे माझा फोन चांगलाच होता.”

“फोन कितीही नवा घे, मधली वाट अरुंद तर तो बिचारा काय करील?”

मग आत्याने नव्या जाळ्याचं सांगितलं. घाटात आता ऑप्टिकल फायबर (केसाएवढी बारीक काचेची तार, जिच्यातून माहिती उजेडाच्या रूपात धावते) टाकली होती. नवा टॉवर लहरींचा खूप रुंद पट्टा वापरतो. त्याच्यावर शेकडो छोटे अँटेना (लहरी सोडणारे आणि झेलणारे भाग) असतात. ते मिळून एकेका फोनकडे नेम धरून लहरी पाठवतात, सगळ्या बाजाराला एकदम हाका मारत नाहीत. खोट एवढीच की यातल्या बऱ्याच लहरी फार लांब जात नाहीत, भिंतींनी आणि डोंगरांनी अडतात. म्हणून टॉवर जास्त लागतात, आणि यादीत मागे असलेल्या गावांना थांबावं लागतं.

“खोरवड्याचा कधी सुरू होणार?” शाल्मलीने विचारलं.

“काल झाला,” आत्या म्हणाली. “गावांची यादी मीच केली होती शाल्मली. आपलं गाव म्हणून वर घ्यायला मला बरं वाटलं नाही.”

असं म्हणून आत्या तोंड फिरवून बसली. मोठी माणसं रडताना तोंड फिरवतात, जणू पाठ रडताना दिसत नाही. शाल्मली तिच्या पाठीला टेकून बसली. सदऱ्यांची घडी तशीच राहिली.

जरा वेळाने शाल्मलीने विचारलं की ते गाळलेले तुकडे कुठे तरी पडले असतील ना, तुझ्या संस्थेतल्या मोठ्या यंत्रांत? आत्या म्हणाली, नाही. ते तुकडे निघालेच नाहीत, तर सापडतील कुठून? पूरकने हजारो दुसऱ्या लोकांचे हात पाहिलेले असतात, त्यावरून तो अंदाज बांधतो. असे हात साधारण काय बोलतील याचा तो अंदाज, आजोबा काय बोलले ते नव्हे. त्याला ना घरच्या खुणा माहीत, ना तो अंगठा.

“साधा फोटो पाठवताना असं होत नाही,” आत्या पुढे म्हणाली. “एखादा तुकडा वाटेत हरवला तर घेणारा फोन लगेच सांगतो, हा तुकडा आला नाही, परत पाठव. समोरासमोरच्या कॉलमध्ये मात्र त्याला तेवढी उसंत नसते.”

“यंत्रसुद्धा परत मागतं,” शाल्मली हळूच म्हणाली. “मीच नाही मागितलं.”

आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला. पण शाल्मली एकदम ताठ बसली. तुकडे निघालेच नाहीत, म्हणजे कॅमेऱ्याच्या पलीकडे, त्या खोलीत, ते अख्खे होते. हात तिथे दिसत होते. बघणारं कोणी असलं तर.

“आत्या, फोन कोणी धरला होता?”

बाबांना विचारलं. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या हौसामावशींनी धरला होता. त्यांना खुणा येत नाहीत, म्हणून त्यांना विचारावं असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. आत्याने दवाखान्यातल्या नर्सबाईंना फोन लावला आणि मावशींना बोलावून घेतलं. नव्या टॉवरवरून चित्र आलं. मावशींच्या हिरव्या बांगड्या मोजता येत होत्या.

शाल्मलीने विचारलं, माझ्या आजोबांनी हातांनी काय केलं ते आठवतंय का तुम्हाला?

“मला काय कळतंय बाई त्यातलं,” मावशी म्हणाल्या. “पर चार येळा केलं त्यांनी, म्हणून ध्यानात ऱ्हायलंय. आधी मला वाटलं, वरची बाटली काढा म्हणत्यात.”

त्यांनी फोन खिडकीला टेकवून ठेवला, हात पदराला पुसले आणि डोक्याच्या वर हवेत चिमूट धरली.

ते शाल्मलीचं नाव होतं.

मग मावशींनी दोन्ही तळवे जुळवून उघडले. वही. मग चिमटीत काहीतरी धरल्यासारखा हात खालून वर लांब ओढला, सुईतून दोरा ओढतात तसा. शेवटी तळवा उताणा केला आणि भुवया वर नेल्या. अर्थ ठाऊक नसलेल्या त्या हातांनी एकही खूण चुकवली नव्हती. प्रत्येक बोट दिसत होतं.

शाल्मली, वही तू शिवशील?

दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी मिळून ती वही करायला घेतली होती. घरच्या सगळ्या खुणांची. आजोबा पेन्सिलीने हात काढत, शाल्मली खाली अर्थ लिहायची. शिवणकाम आजोबा उन्हाळ्यात करणार होते. शाल्मली ते विसरूनही गेली होती. बाबांनी दवाखान्यातून आणलेली पिशवी कोनाड्यात तशीच पडून होती, तिच्यात टॉवेलाखाली ती पानं सापडली. दुमडलेल्या पानांच्या सात घड्यांपैकी तीन त्यांनी आधीच शिवल्या होत्या. चौथीत सुई खोचलेली होती, दोरा ओवलेला.

शाल्मलीने मावशींकडे पाहिलं आणि दोन्ही मुठी छातीशी नेल्या. मावशींना त्याचाही अर्थ कळला नाही, पण त्या पदराने डोळे पुसायला लागल्या. हा ‘हो’ ज्याला सांगायचा तो माणूस आता नव्हता, आणि ते दुःख कुठल्याही टॉवरने भरून येणारं नव्हतं.

शिवायला सगळी संध्याकाळ लागली. आत्याने टाका कसा घ्यायचा ते दाखवलं. आजोबांच्या तीन घड्यांचे टाके सरळ, शाल्मलीच्या चारही घड्यांचे तिरपे. आत्या म्हणाली की अशा वह्या घरोघरी झाल्या पाहिजेत, म्हणजे उद्याच्या यंत्रांना अंदाज बांधण्याआधी निदान विचारता तरी येईल. आणि यादीतली उरलेली गावं पुन्हा तपासताना आपण या वेळी आधी विचारणार आहोत, कुठल्या गावात कोण हातांनी बोलतं.

वहीच्या शेवटी एक पान कोरं राहिलं होतं. शाल्मलीने सगळी वही चाळली. एक खूण तिच्यात कुठेच नव्हती, कारण आजोबांसमोर बसून बोलताना तिची कधी गरजच पडली नव्हती. तिने पेन्सिल घेतली आणि दोन हात काढले, बोटं आपल्याकडे वळवलेले. डावा अंगठा तिने टोकाशिवाय काढला. खाली लिहिलं: कळलं नाही, परत सांगा.