रंध्यावरची बोटं

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण काळोखातली वगैरे समजू नका... भर दुपारी, लख्ख उजेडात घडलेली आहे.

माझा धाकटा मामा निवृत्त फिटर. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत तो जुनी गंजकी हत्यारं नवी करतो. "हत्यारांपेक्षा यांच्या जिभेलाच जास्त तेल," असं मामी म्हणते.

त्या मंगळवारी त्याने माळ्यावरून एक लोखंडी रंधा काढला. अकरा वर्षं फडक्यात गुंडाळून दडवलेला.

रंधा त्याच्या थोरल्या भावाचा, दादाचा. दादा सुतार. मामाने एक दार तासायला तो मागून आणला आणि पावसात गच्चीवर विसरला. गंजलेला रंधा दाखवायची लाज वाटली, म्हणून ठोकून दिलं, "अरे, तुझ्या दुकानात ठेवून आलो की."

दादाने संशय घेतला तो दुकानातल्या भागीदारावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. वीस वर्षांची भागीदारी मोडली.

मामा गप्प राहिला.

मागच्या वर्षी दादा गेला. तेव्हापासून मामाचं मन त्याला खात होतं. निदान रंधा तरी वहिनींना, म्हणजे माझ्या मोठ्या मामीला, परत द्यावा असं त्याने ठरवलं.

पातं काढून व्हिनेगरच्या डब्यात बुडवलं. बाकीचा रंधा तारेच्या ब्रशने, मग पॉलिश पेपरने घासला. चकचकीत झाला. तेलाचा हात फिरवून, खोलीला कुलूप लावून तो जेवायला बसला.

दोन घास झाले असतील.

सर्र... सर्र...

"आज कुणाला बसवलंय कामाला?" मामीने विचारलं.

मामा उष्ट्या हाताने धावला. कुलूप तसंच होतं. आत कुणी नव्हतं. पातं अजून व्हिनेगरमध्येच होतं.

पण रंध्याच्या चकचकीत अंगावर...

गंज.

चार बोटं आणि अंगठा. डाव्या हाताची.

दादा डावरा होता. त्याच्या हाताला घाम असा यायचा, की पोलादाला लागला की दुसऱ्या दिवशी गंजाची बोटं उमटायची. "माझा हात म्हणजे खारं पाणी," असं तो हसून सांगायचा. वहिनी रोज संध्याकाळी तेलाच्या फडक्याने त्याची हत्यारं पुसून ठेवायच्या.

मामाने डाग घासून काढला. बुधवारी पुन्हा उमटला. गुरुवारी पुन्हा.

शुक्रवारी तो रंधा घेऊन वहिनींकडे निघाला. सगळं सांगून टाकायचं, असं रस्ताभर घोकत होता.

वहिनींनी रंधा बघताक्षणी ओळखला. त्या डागावर आपली बोटं ठेवली. डोळे भरून आले.

"कुठे सापडला, भावोजी?"

मामाच्या तोंडून निघालं, "भंगारवाल्याकडे."

वहिनींनी डागावरची बोटं उचलली.

"म्हणजे त्या भागीदारानेच विकला होता तर. मला आपलं वाटायचं, उगाच बिचाऱ्यावर आळ घेतला. हे गेल्यावर भेटायला आला, तर मी चहासुद्धा केला त्याला. आता पायरी चढू देणार नाही."

अकरा वर्षं मामा नुसता गप्प होता. आता स्वतःच्या तोंडाने त्याने त्या माणसाला चोर केलं. तो चहा न घेताच उठला.

आठवड्याने वहिनींचा फोन आला. "नवल आहे, भावोजी. डाग एकदा पुसला तो गेलाच. परत उमटलाच नाही."

मामा तेव्हा पत्र्याच्या खोलीत उभा होता. दाराच्या कडीकडे बघत... आतल्या कडीकडे.

चार बोटं. आणि अंगठा.

तो रोज पुसतो. रोज उमटतात.

हे सगळं त्याने मला स्वतः सांगितलं. "मामा, मोठ्या मामीकडे जा. खरं सांगून मोकळा हो," मी म्हणालो.

"रविवारी जातो रे."

असे सहा रविवार गेले.

काल त्याचा फोन आला. पत्र्याच्या खोलीची कडी आता स्वच्छ आहे, म्हणाला. स्वयंपाकघराच्या दाराची नाही. येत्या रविवारी नक्की जाणार आहे.

मोठ्या मामीचा नंबर माझ्याकडेही आहे. मी अजून लावलेला नाही. फक्त हल्ली, घरात शिरल्यावर, कडीला हात लावण्याआधी एकदा बघून घेतो.