आईच्या गाडीतलं हरवलेलं तेल

सकाळी घरून निघताना इंजिनातलं तेल मोजायच्या पट्टीवर अगदी वरच्या खुणेला होतं. शाल्मलीने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पट्टी पुसायचं फडकंसुद्धा तिच्याच हातात होतं. घाट उतरून गाड्यांच्या तपासणी केंद्रात पोचायला तिला आणि आजोबांना दोन तासही लागले नव्हते, आणि आता तीच पट्टी उपसून यंत्रमानव सांगत होता की तेल खालच्या खुणेच्याही खाली गेलं आहे. वाटेत थेंब गळला नव्हता, मागून धूर निघाला नव्हता. मग तेल गेलं कुठे?

केंद्रातल्या या यंत्रमानवाला सगळे रावसाहेब म्हणत. त्याचा तोराच तसा होता. विजेवरच्या गाड्या रांगेने त्याच्यासमोर येत, तो बोट टेकवी, आकडे मिळत आणि गाडी निघून जाई. पेट्रोलची गाडी त्याच्यासमोर क्वचितच यायची. अशा गाडीला दर वर्षी दाखला घ्यावा लागे. दाखला नाकारला, तर मागच्या अंगणातलं दाबयंत्र तिचा तिथल्या तिथे चौकोनी ठोकळा करी.

गाडी शाल्मलीच्या आईची, मृणालची होती. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबा चंद्रावरच्या तळावर कामाला, तेव्हा घरात उरले होते शाल्मली, आईचे वडील म्हणजे आजोबा, आणि ही निळी गाडी.

गाडी वाचवायच्या घाईत शाल्मली सांगून बसली की सकाळी तेल पूर्ण भरलेलं होतं. त्याने झालं भलतंच.

"म्हणजे दोन तासांत इतकं तेल संपलं," रावसाहेब म्हणाला. "इंजिन तेल पितं. दाखला नामंजूर."

आपल्याच तोंडाने आपण आईची गाडी घालवली, असं शाल्मलीला वाटलं. तिने आजोबांकडे पाहिलं, तर ते शांत उभे होते. त्यांच्या या शांतपणाचाच तिला वर्षभर राग येत होता. आजोबा वंगणशास्त्रज्ञ (यंत्राचे भाग एकमेकांवर घासून झिजू नयेत म्हणून लागणाऱ्या तेलांचा अभ्यास करणारे) होते, आणि पाऊस कसा पडतो ते ज्या आवाजात समजावत, त्याच आवाजात त्यांनी भेटायला आलेल्यांना आईच्या हृदयाची झडप कशी बिघडली ते समजावलं होतं. डोळ्यांतून टिपूस नाही. धीराचा माणूस, असं सगळे म्हणाले. शाल्मलीला मात्र वाटलं होतं की आजोबांना आत काही होतच नाही.

आजोबांनी तिला जवळ बोलावलं आणि विचारलं, "इंजिन चालू असताना तेल कुठे असतं?"

तिला एवढं माहीत होतं की इंजिनाच्या तळाशी तेलपात्र (तेल साठायचं पसरट भांडं) असतं आणि पट्टी तिथवर जाते. आजोबांनी पुढचं सांगितलं. इंजिन सुरू झालं की आतला पंप ते तेल उचलतो आणि बारीक वाटांनी पार माथ्यापर्यंत चढवतो. फिरणाऱ्या प्रत्येक दांड्यावर, उघडमीट करणाऱ्या प्रत्येक झडपेवर तेलाचा पातळ थर बसतो. तो नसता तर लोखंडावर लोखंड घासून इंजिन केव्हाच जळालं असतं.

शाल्मली विचार करू लागली. मग हळूच म्हणाली, "आई माझ्या डोक्याला तेल लावायची तेव्हा वाटी रिकामी दिसायची. पण तेल संपलेलं नसायचं. माझ्या केसांत असायचं."

"बरोबर," आजोबा म्हणाले. "फक्त केसांतलं तेल वाटीत परत येत नाही. इंजिनातलं येतं. त्याला वेळ द्यावा लागतो."

तिला एकदम उलगडलं. रावसाहेबाने गाडी थांबल्या थांबल्या पट्टी उपसली होती. तेल अजून वरच होतं, भिंतींवरून ओघळत होतं. सकाळी मात्र गाडी रात्रभर उभी राहिलेली होती, सगळं तेल खाली उतरलेलं होतं. म्हणूनच आजोबा रोज इंजिन सुरू करण्याआधी तेल बघत. सकाळी जमलं नाही, तर इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. पट्टी काढून पुसायची, कारण तिच्यावर उडालेले शिंतोडे फसवतात. मग ती पूर्ण आत घालून पुन्हा काढायची आणि तेव्हा वाचायची. एखाद्या गाडीच्या पुस्तिकेत वेगळं सांगितलेलं असेल, तर तिचं ऐकायचं.

तिने हे सगळं रावसाहेबाला सांगितलं. विजेच्या गाडीचा आकडा कधीही विचारा, तोच येतो, त्यामुळे थांबणं हा प्रकारच त्याला कुणी शिकवला नव्हता. त्याने आपले नियम चाळले. तेल मोजावं असं त्यांत होतं, पण केव्हा ते नव्हतं.

"पाव तास थांबतो," तो म्हणाला.

इतक्यात शाल्मलीचं लक्ष फरशीकडे गेलं. धुण्याचं पाणी वाहून जावं म्हणून तिथे फरशीला उतार होता. उतारावर तेल एका बाजूला सरकतं आणि पट्टी खोटं बोलते, हे तिने आजोबांकडून ऐकलं होतं. गाडी सपाट जागी न्यायला हवी होती. इंजिन पुन्हा सुरू करून चालणार नव्हतं, म्हणून आजोबा सुकाणू धरून बसले आणि रावसाहेबाने मागून ढकललं. गाडी थांबल्यावर त्याने आत डोकावून आणखी एक नोंद केली. चालकाचे गुडघे सुकाणूला अडकतात, वळताना धोका आहे, आसन मागे घ्यावं लागेल.

"सीटला हात लावायचा नाही," आजोबा म्हणाले. त्यांचा आवाज इतका चढलेला शाल्मलीने कधी ऐकला नव्हता.

ती खिडकीशी गेली. इतके दिवस ती मागे बसायची, तिला फक्त आजोबांचं डोकं दिसायचं. आता दिसलं की उंचेपुरे आजोबा अंग चोरून, गुडघे दुमडून बसले होते. सीट पार पुढे होती. आई ठेंगणी होती, तिला ती तशीच लागायची. वर्षभर घाटातली प्रत्येक फेरी आजोबांनी अशी अवघडून केली होती आणि कुणाला कळू दिलं नव्हतं.

"आईची सीट तुम्ही बदललीच नाही?"

"मृणालची बसायची जागा तेवढीच उरली होती गं," आजोबा म्हणाले, आणि सुकाणूवर डोकं टेकून रडू लागले.

शाल्मली शेजारी जाऊन बसली. आजोबांना काहीच वाटत नाही, असं आपण एका दिवसात ठरवून टाकलं आणि पुन्हा विचारलंही नाही, याचं तिला फार वाईट वाटलं. पाव तास दोघंही रडत होती. रावसाहेब बाहेर उभा होता आणि रांगेतल्या गाड्या दुसऱ्या दाराकडे वळवत होता.

वेळ झाल्यावर त्याने पट्टी काढली, पुसली, पूर्ण आत घातली आणि पुन्हा काढली. तेल वरच्या खुणेला जवळपास टेकलं होतं. सकाळपेक्षा केसभर कमी, कारण थोडं अजून वरून उतरायचं राहिलं होतं. त्याने तेल मंजूर केलं आणि थांबण्याची रीत बाकीच्या सगळ्या केंद्रांना कळवून टाकली.

"आसनाची अट राहिली," तो म्हणाला.

"मग राहू दे दाखला," आजोबा म्हणाले. "सीट सरकवली की मृणालची जागा पुसली जाईल."

गाडीचा ठोकळा झाला तर सीटही जाणार, हे आजोबांसारख्या माणसाला कळत नव्हतं असं नाही. शाल्मलीने खाली वाकून पाहिलं. सीटच्या रुळाला दाते होते.

"पुसली नाही जाणार, आजोबा. आपण मोजून ठेवू. तुम्ही सरकवा, मी मोजते."

आजोबांनी बराच वेळ सीटखालच्या दांडीवर नुसता हात ठेवला. मग ती उचलली. सीट एकेक दाता मागे जाऊ लागली आणि शाल्मली मोठ्याने मोजू लागली. शेवटी आजोबांचे पाय सरळ झाले.

"सात," ती म्हणाली. तिचे डोळे वाहत होते. "मी आईएवढी झाले की परत सात दाते पुढे घेऊ."

रावसाहेबाने दाखला दिला. पण पेट्रोल आता क्वचितच मिळायचं, आणि ती मोठी होईतोवर ते कुठून आणायचं, हे आजोबांनाही माहीत नव्हतं. ते मी शोधून काढते, असं शाल्मली म्हणाली, आणि आजोबांनी तिला पट्टा लावायला सांगून गाडी सुरू केली.