मळलेली एसटी

बोरी अरबच्या थांब्यावर दार ओढण्याआधी उर्वशीनं बाहेर डोकावलं, तर मागच्या चाकाशी एक तरुण उकिडवा बसलेला.

"ओ भाऊ, चाकाखाली जायचं हाये काय? काय करून राह्यले तिथं?"

तो दचकून उठला. हातात छोटी डबी. "माती घेऊन राह्यलो... चाकावरची."

"रस्त्यावर माती कमी पडली?"

"बसवर बसते तिचा रंग येगळा असते, मॅडम —"

बसमधले लोक हसले. कंडक्टर उर्वशीनं त्याला आत घेतलं, यवतमाळचं तिकीट दिलं आणि विसरून गेली.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा चढला. नाव धम्मरत्न. यवतमाळच्या अलीकडं लोहारा गावातल्या गॅरेजात गाड्यांना रंग मारायचा आणि घरी वीतभर लांबीच्या एसटी बनवायचा. चपलेच्या खोक्यातून त्यानं लाल बस काढली. हुबेहूब, वर धूळही फासलेली.

उर्वशीनं ती फिरवून पाहिली. "चूक हाये. चिखल साऱ्या अंगाले सारखा नसते, चाकाच्या मांगं उडते. अन् खिडकीखालचे ओघळ? घाटात लोक ओकतात ते?"

"इतक्या प्रेमानं बनवली, मॅडम..."

"मंग प्रेमानं ओघळ काढा."

तो दर गुरुवारी येऊ लागला. पातळ तपकिरी रंग लावून फडक्यानं पुसला की फटींतच कसा उरतो, रंगाची पूड मऊ ब्रशनं कशी बसवायची, ते सांगायचा.

"ब्रश तं मेकअपचा दिसते."

"बहिणीचा हाये."

"तिले माहीत हाये?"

"...अजून नाई."

उर्वशी खिडकीबाहेर बघत हसली.

जानेवारीत तिला आर्णीचं स्थळ आलं. मुलगा मास्तर, अट एकच — नोकरी सोडायची. वडील डोमाजी म्हणाले, "येता सोडून पुढच्या रविवारपर्यंत सांग." बसची वेळ बदलल्याचं सांगावं तशा आवाजात तिनं ते धम्मरत्नला सांगितलं.

"सोडता काय नोकरी?"

"पाहू."

तो लोहाऱ्याला उतरला, मागं न बघता. पुढच्या गुरुवारी आलाच नाही. तिला काही वाटलं नाही. फक्त त्या दिवशी तिनं एका म्हाताऱ्याला दोनदा तिकीट दिलं.

शनिवारी यवतमाळच्या स्टँडवर तो खोकं घेऊन उभा होता. "झाली पुरी."

तिनं बस काढून पाहिली. चिखल जागच्या जागी होता. ओघळही. पण दाराजवळच्या दांडीवर तिळाएवढा रंग उडून आतलं लोखंड चकाकत होतं.

"इथं काहून खरडलं?"

"तुमी टेकता तिथं. घाटात... उजवा खांदा."

"माझ्या बसच्या दांडीचा रंग शाबूत हाये."

"आज हाये." तो खोक्याकडं बघत म्हणाला, "आनखी वीस वर्सं टेकाल, तं उडन रंग."

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. उर्वशी हलली नाही.

"वीस वर्सं?"

"रिटायर होईपर्यंत म्हना... मले चालते."

तिनं बस खोक्यात ठेवली, झाकण लावलं आणि खोकं सरळ स्वतःच्या काखेत घेतलं.

"उद्या अकराले घरी ये. बाबा हायेत."

ती पहिल्यांदाच अरेतुरे करत होती. त्याचे कान लाल झाले. "काय म्हनू त्याईले?"

"तू काही म्हनू नको. पोहे खा." पायरीवर चढत तिनं घंटीची दोरी दोनदा ओढली. "बोलीन मी."